सारांश आणि टांचण

सारांश काढणें ही गोष्ट परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेंत जन्मली आणि तेथेंच मेली, अशी पुष्कळांची समजूत दिसते. उताऱ्याखालीं ‘एक तृतीयांश सारांश लिहा’ असा प्रश्न आला म्हणजे विद्यार्थी मधलीं मधलीं वाक्यें गाळतो, उरलेलीं जशींच्या तशीं उतरतो आणि शब्द मोजून मोकळा होतो. परीक्षकहि बहुधा तितक्यावर गुण देतो. परंतु ग्रंथांचा इतिहास पाहिला तर असें दिसतें कीं, हें काम मोठ्या जोखमीचें आहे. एखाद्या राजाची कारकीर्द जगाला कळावी कीं कळूं नये, याचा निकाल कित्येक वेळां सारांश काढणाऱ्या एखाद्या गृहस्थानें काय ठेवलें आणि काय गाळलें यावर लागलेला आहे. आजच्या भाषणांत अशीं कांहीं उदाहरणें मी श्रोत्यांपुढें मांडणार आहें. तीं ग्रीक व रोमन ग्रंथांतील आहेत, परंतु त्यांचा संबंध आपल्याच देशाच्या इतिहासाशीं आहे.

आरंभीं दोन शब्दांतील भेद सांगितला पाहिजे. सारांश म्हणजे ग्रंथकाराचें म्हणणें थोडक्यांत, पण सलग वाक्यांनीं, पुन्हां सांगणें. टांचण म्हणजे ग्रंथांत कोणते विषय कोणत्या क्रमानें आले त्यांची एकेका ओळींत केलेली मांडणी. शिक्षकाला पाठाचें टांचण काढावें लागतें, म्हणून हा शब्द आम्हां मास्तरांच्या तोंडचा. कोणी आराखडा म्हणेल, कोणी रूपरेषा म्हणेल. सारांश कोणीहि आवडीनें वाचील. टांचण मात्र रुक्ष असतें. तें हातीं घेऊन कोणी आरामखुर्चींत बसत नाहीं. पण या दोहोंपैकीं अधिक प्रामाणिक कोण, हें पुढील हकीकतीवरून दिसून येईल.

टिपणें काढण्याच्या बाबतींत रोमन पंडित थोरला प्लिनी याच्याइतका उद्योगी मनुष्य क्वचितच झाला असेल. व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या स्फोटांत इ. स. ७९ मध्यें तो मरण पावला. त्याचा भाचा, धाकटा प्लिनी, यानें एका पत्रांत मामाच्या दिनचर्येचें वर्णन केलें आहे. जेवतांना, स्नानानंतर अंग पुसून घेतांना, उन्हांत पडून असतांना, कोणी ना कोणी त्याला पुस्तक वाचून दाखवीत असे आणि तो टिपणें घेत असे. टिपण घेतल्यावांचून त्यानें कोणतेंहि पुस्तक वाचलें नाहीं. प्रवासांत लेखक पुस्तक व पाट्या घेऊन जवळ बसे. हिवाळ्यांत थंडीनें काम थांबूं नये म्हणून त्या लेखकाच्या हातांना लांब बाह्या चढविलेल्या असत. एकदां वाचणाऱ्यानें एक शब्द चुकीचा उच्चारला, तेव्हां बसलेल्या एका मित्रानें त्याला तो पुन्हां वाचावयास लावला. प्लिनीनें मित्राला विचारलें, तुला अर्थ कळला होता ना? तो हो म्हणतांच प्लिनी म्हणाला कीं, मग मागें कशाला नेलेंस, तुझ्या या अडथळ्यानें आपल्या दहांहून अधिक ओळी बुडाल्या! भाचा पायीं फिरावयास जाई तेव्हां मामा रागावे. पालखींतून गेलास तर तेवढा वेळ वाचण्यांत जाईल, असें त्याचें म्हणणें. हें जरा अतीच झालें. चालणाऱ्या माणसाला वाचलेलें पचवावयास सवड मिळते, हें त्या थोर पुरुषाच्या ध्यानीं आलेलें दिसत नाहीं.

या उद्योगाचें फळ म्हणून त्यानें टिपणांच्या १६० वह्या मागें ठेवल्या. त्या अगदीं बारीक अक्षरांत, पानाच्या दोन्ही अंगांनीं लिहिलेल्या होत्या. त्यांची संख्या याहून कमी होती तेव्हांच स्पेन देशांत एका गृहस्थानें त्यांना चार लक्ष सेस्टर्स देऊं केले होते. त्या वह्या आज नाहींत. मात्र त्यांवरून त्यानें जो ३७ भागांचा सृष्टिज्ञानाचा कोश रचला तो टिकला. या कोशाचा पहिला भाग संबंध टांचणाचा आहे. पुढील प्रत्येक भागांत कोणते विषय आहेत आणि ते कोणत्या ग्रंथकारांवरून घेतले, याची यादी त्यांत आहे. ग्रंथ टायटसला अर्पण करतांना प्लिनी सांगतो कीं, आपल्याला सगळें वाचण्याचे श्रम पडूं नयेत व ज्याला जें हवें तें त्यानें शोधून घ्यावें, म्हणून ही सोय केली आहे. आणि ही युक्ति आपल्यापूर्वीं व्हॅलेरियस सोरेनस यानें केली होती, हेंहि तो मोकळेपणानें कबूल करतो.

तरीहि एक उणीव राहिलीच. कोशाच्या सहाव्या भागांत हिंदुस्थानची माहिती आहे. त्यांत आंध्र लोकांविषयीं तो लिहितो कीं, त्यांचीं खेडीं पुष्कळ असून तटबुरुजांनीं रक्षिलेलीं शहरें ३० आहेत, आणि त्यांच्या राजापाशीं एक लक्ष पायदळ, दोन हजार घोडेस्वार व एक हजार हत्ती आहेत. पैठणच्या सातवाहनांना पुराणांत आंध्र म्हटलेलें असल्यामुळें महाराष्ट्राच्या इतिहासाला हे आंकडे फार मोलाचे. पण ते कोणत्या काळाचे? प्लिनीच्या स्वतःच्या काळचे, कीं चंद्रगुप्ताच्या दरबारीं आलेल्या मेगॅस्थेनीसच्या ग्रंथांतून उतरलेले? दोहोंमध्यें जवळजवळ पावणेचारशें वर्षांचें अंतर. प्लिनीनें त्या भागाच्या आधारग्रंथांचीं नांवें दिलीं आहेत, परंतु हाच आंकडा कोणाचा तें त्या ठिकाणीं लिहिलें नाहीं. त्या एका अर्ध्या ओळीच्या अभावीं इतिहासकार अद्यापि वाद घालीत आहेत.

आतां मी माझ्या मुख्य उदाहरणाकडे वळतों. ऑगस्टस बादशहाच्या काळीं पाँपीयस ट्रोगस नांवाच्या इतिहासकारानें ४४ भागांचा एक प्रचंड इतिहास लॅटिन भाषेंत लिहिला. त्यांत रोमपेक्षां पूर्वेकडील राज्यांना अधिक जागा होती: असीरिया, इराण, मॅसिडोनिया, पार्थिया, बॅक्ट्रिया. हा ग्रंथ नष्ट झाला. त्याचा जस्टिन नांवाच्या लेखकानें केलेला संक्षेप मात्र उरला. या जस्टिनचा काळ पंडित निरनिराळा ठरवितात, दुसऱ्या शतकापासून चौथ्या शतकापर्यंत. त्यानें प्रस्तावनेंत आपली रीत स्पष्ट सांगितली आहे. जें वाचण्यास गोड नाहीं व जें उदाहरण म्हणून उपयोगी नाहीं तें आपण सोडून दिलें, आणि जणूं फुलांचा एक लहानसा गुच्छ बांधला, असें तो म्हणतो.

गुच्छ सुरेख आहे यांत संशय नाहीं. आपल्या चंद्रगुप्त मौर्याची हकीकत त्यांत आली आहे. हीन कुळांत जन्मलेला हा तरुण राजाचा रोष ओढवून घेऊन पळाला. थकून झोंपला असतां एक मोठा सिंह आला, त्याच्या अंगावरचा घाम चाटून निघून गेला. पुढें युद्धाच्या वेळीं एक प्रचंड रानहत्ती आपण होऊन पुढें आला आणि माणसाळल्याप्रमाणें त्यानें त्याला पाठीवर घेतलें. अशी ही कथा. बॅक्ट्रियाच्या युक्रेटायडीस राजाचीहि हकीकत आहे: ३०० शिपायांनिशीं त्यानें ६०,००० शत्रूंचा वेढा कसा उठविला, हिंदुस्थान जिंकून परत येतांना त्याच्या मुलानेंच त्याला कसें मारलें, आणि बापाच्या रक्तावरून रथ हांकून प्रेताला मूठमातीहि कशी मिळूं दिली नाहीं. वाचतांना अंगावर कांटा येतो.

परंतु दैवयोगानें ट्रोगसच्या ग्रंथाचें दुसरेंहि एक संक्षिप्त रूप शिल्लक राहिलें. कोणा अज्ञात माणसानें त्या ४४ भागांचें टांचण केलें होतें. प्रत्येक भागांत कोणकोणते विषय आहेत एवढेंच त्यांत दिलेलें आहे. हें टांचण अतिशय कोरडें आहे. त्यांत सिंह नाहीं, हत्ती नाहीं, रक्तावरून गेलेला रथ नाहीं. पण एकेचाळिसाव्या भागाच्या टांचणांत, बॅक्ट्रियाचें राज्य कसें स्थापन झालें व मध्य आशियांतील टोळ्यांनीं तें कसें घेतलें हें नमूद केल्यावर, आणखी एक लहानशी नोंद आहे. हिंदुस्थानांतील घडामोडी, आणि तेथील राजे अपोलोडोटस व मिनँडर यांचे पराक्रम, हेहि या भागांत सांगितले आहेत, अशी ती नोंद. जस्टिनचा त्याच भागाचा सारांश आपण उघडला तर त्यांत या दोन राजांचें नांवहि नाहीं.

हा मिनँडर कोण, हें सुशिक्षित मराठी वाचकाला सांगावयास नको. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथांत नागसेन भिक्षूला प्रश्न विचारणारा मिलिंद राजा तोच. इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकांत वायव्य हिंदुस्थानांत त्याचें राज्य होतें. एका बाजूस ग्रीक व दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपींतील अक्षरें असलेलीं त्याचीं नाणीं विपुल सांपडलीं आहेत. स्ट्राबो एका जुन्या ग्रंथकाराच्या आधारें सांगतो कीं, अलेक्झांडरनें जिंकल्या त्याहून अधिक जमाती या राजांनीं, विशेषतः मिनँडरनें, जिंकल्या. प्लूटार्क त्याच्या रक्षेची शहराशहरांत झालेली वाटणी वर्णन करतो. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या व्यापारी मार्गदर्शिकेंत म्हटलें आहे कीं, अपोलोडोटस आणि मिनँडर यांचीं जुनीं नाणीं भडोचच्या बाजारांत अजून चालतात. पैठण आणि तेर येथील माल ज्या भडोचच्या बंदरांत उतरे, तेंच हें भडोच. तेव्हां आपल्याकडील व्यापाऱ्यांच्या हातांतूनहि तीं नाणीं गेलीं असल्यास नवल नाहीं.

नाणीं आहेत, धर्मचर्चा आहे, चार परक्या ग्रंथकारांचीं चार वाक्यें आहेत. नाहीं तो फक्त सलग इतिहास. आणि तो कोणी लिहिलाच नव्हता असें नाहीं, लिहिलेला होता. तो अमक्या भागांत, अमक्या ठिकाणीं होता, हेंहि आपल्याला ठाऊक आहे. जस्टिन तो डोळ्यांपुढें घेऊन बसला होता. त्याला तो गोड वाटला नाहीं, अथवा मुलांना उदाहरण म्हणून उपयोगी वाटला नाहीं, आणि त्यानें पान उलटलें.

संक्षेप निघाला कीं मूळ ग्रंथ मरतो, असा आरोप कित्येक विद्वान या सारांशकारांवर करतात. लिव्हीच्या १४२ भागांपैकीं आज ३५ उरले आहेत, आणि बाकीच्यांचे बहुतेक त्रोटक सारांश तेवढे मिळतात, हेंहि उदाहरण ते देतात. हा आरोप मला अर्धाच पटतो. हातानें नकलून काढावयाचे ग्रंथ, महाग कातडें, बुडालेलीं ग्रंथालयें. एवढ्या संकटांतून ४४ भाग टिकले असते याची हमी कोण देणार? जस्टिन नसता तर कदाचित् चंद्रगुप्तहि हातचा गेला असता. माझा आक्षेप त्यानें सारांश केला यावर नाहीं. आपण काय गाळलें याची एक ओळहि त्यानें ठेवली नाहीं, यावर आहे. त्या अज्ञात टांचणकारानें ती ठेवली, म्हणून निदान कशास मुकलों तें आपल्याला कळलें.

याच्या उलट वागणुकीचा नमुना म्हणून कॉन्स्टँटिनोपलचा धर्मगुरु फोटियस याचें नांव घेतां येईल. तो नवव्या शतकांतला. आपण वाचलेल्या सुमारें २८० ग्रंथांचे परिचय त्यानें आपल्या भावासाठीं लिहून ठेवले. कांहींना दोन ओळी, कांहींना पानेंच्या पानें. पण ग्रंथाचे भाग किती, कोणापर्यंत आपण वाचले, भाषा कशी आहे, आणि ग्रंथकाराच्या कोणत्या म्हणण्यावर आपला विश्वास बसत नाहीं, हें तो बहुधा सांगतो. इराणच्या दरबारचा ग्रीक वैद्य क्टेसियस यानें इ. स. पूर्वीं ४०० च्या सुमारास हिंदुस्थानावर जें पुस्तक लिहिलें तें आज नाहीं. त्याची बरीचशी ओळख आपल्याला फोटियसच्या सारांशावरूनच आहे. कुत्र्याच्या तोंडाचीं माणसें, माणसाच्या तोंडाचा व विंचवासारख्या शेंपटीचा हिंस्र पशु, एकशिंगी गाढव, अशा चमत्कारांनीं तें भरलेलें दिसतें. आणि शेवटीं फोटियस नोंदवितो कीं, हें सर्व खरें असून, वाचकांना खोटें वाटेल म्हणून याहून अद्भुत गोष्टी आपण सोडल्या, असें क्टेसियसचें म्हणणें आहे! फोटियसनें एवढें लिहिलें. वाचकानें काय समजावयाचें तें समजावें. मात्र येथेंहि एक सावधगिरी हवी. चमत्कार स्मरणांत राहतात आणि सामान्य माहिती गळते, हा सारांशाचा स्वभावच आहे. मूळ पुस्तकांत साधी माहिती किती होती, तें या सारांशावरून ठरवितां येणार नाहीं.

मेगॅस्थेनीसचें पुस्तकहि असेंच गेलें. डिओडोरसनें त्याचा गोषवारा दिला, आरियननें त्यांतील समंजस भाग निवडला, आणि स्ट्राबोनें तर त्याला खोटारड्यांत जमा करून वर त्याच्याच माहितीचा भरपूर उपयोग केला. १८४६ मध्यें श्वानबेक या जर्मन पंडितानें हे सर्व तुकडे एकत्र केले व १८७७ मध्यें मॅक्रिंडलनें त्यांचें इंग्रजी भाषांतर केलें. पाटलिपुत्राच्या नगरव्यवस्थेचें वर्णन आपण शाळेंत शिकतों तें या टिपणांच्या जोरावर. एकाच ग्रंथाची टिपणें तिघांनीं वेगवेगळ्या हेतूंनीं काढलीं, म्हणून एकानें सोडलेलें दुसऱ्याकडे सांपडतें. ट्रोगसला असे तिघे लाभले नाहींत.

मग गाळावें काय आणि ठेवावें काय? या प्रश्नाचा विचार आपल्याकडील मीमांसकांनीं फार बारकाईनें केलेला आहे. ग्रंथाचें तात्पर्य ठरविण्याचीं सहा गमकें त्यांनीं सांगितलीं. उपक्रम व उपसंहार, म्हणजे आरंभ कशानें केला आणि शेवट कशांत झाला, हें पहिलें. मग अभ्यास, म्हणजे कोणती गोष्ट पुन्हां पुन्हां सांगितली. अपूर्वता, म्हणजे अन्यत्र न मिळणारें असें येथें काय आहे. फल, म्हणजे या सांगण्यापासून काय निष्पन्न होतें. अर्थवाद, म्हणजे स्तुति, निंदा, आख्यानें इत्यादि जो भाग मुख्य सिद्धांताला उठाव देण्याकरितां येतो तो. हा ओळखून बाजूला ठेवावयाचा. आणि उपपत्ति, म्हणजे युक्तिवाद. लोकमान्य टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या आरंभींच ही कसोटी पुढें ठेवली आणि गीतेचें तात्पर्य काय या जुन्या वादाला हात घातला. त्यांचा निष्कर्ष मान्य असो वा नसो. अठरा अध्यायांच्या ग्रंथाचा सारांश ठरवावयाचा तर तो स्वतःच्या आवडीवर ठरवूं नये, त्याला कांहीं नियम असावे, ही गोष्ट त्यांनीं वाचकांपुढें आणली.

ही कसोटी जस्टिनला लावून पाहावी. सिंह आणि हत्ती हा अर्थवाद; तो त्यानें जपून ठेवला. मिनँडरचा वृत्तांत ही अपूर्वता. ती त्यानें टाकली. मीमांसकाच्या पाठशाळेंत असा शिष्य पहिल्याच दिवशीं नापास झाला असता!

आपल्या कारभारी मंडळींनाहि हें शास्त्र व्यवहारांत ठाऊक होतें. ‘गोषवारा’ हा शब्द फारशींतून आला आणि हिशेबाच्या कागदांत रुजला. रोजकीर्दींत दररोजची नोंद असावयाची, खतावणींत ती खात्यावार लागावयाची, आणि मग गोषवाऱ्यांत बेरजा यावयाच्या. गोषवाऱ्यांतल्या आंकड्याविषयीं शंका आली तर खतावणी पाहावी, तेथें शंका आली तर कीर्द पाहावी. अशी खालीं उतरण्याची शिडी कायम असे. पुढें रियासतकार सरदेसायांच्या देखरेखीखालीं पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग १९३० पासून १९३४ पर्यंत छापले गेले, त्यांतहि हीच शिस्त दिसते. पत्राच्या माथ्यावर थोडक्यांत इंग्रजी मतलब, आणि त्याखालीं मूळ मराठी पत्र जसेंच्या तसें. ज्याला सवड नाहीं त्यानें मतलब वाचावा. ज्याला मतलब चुकीचा वाटेल त्यानें खालचें पत्र वाचून भांडावें. अशा भांडणांतूनच पुढील इतिहास सुधारत जातो.

घरांत महाविद्यालयांत जाणारीं मुलें असतील तर त्यांना एवढेंच सांगावें. प्रकरण एकदां शेवटपर्यंत वाचल्याखेरीज पेन्सिल उचलूं नये. कारण उपसंहार पाहिल्यावांचून उपक्रमाचा अर्थ लागत नाहीं. नंतर वहीचें पान उभें दुमडून डाव्या अंगास टांचण करावें, प्रत्येक परिच्छेदास एक ओळ, आवडो वा न आवडो. मग पुस्तक मिटून उजव्या अंगास आपल्या शब्दांत सारांश लिहावा. पुस्तक उघडें ठेवून लिहिलेला सारांश ही नक्कल असते, हें मीं अनेक वर्षें वह्या तपासतांना पाहिलें आहे. सारांश झाल्यावर तो टांचणाशीं ताडून पाहावा, आणि जी ओळ सारांशांत उतरली नाहीं तिच्यापुढें खूण करावी. ती मुद्दाम गाळली असेल तर खूण तशीच राहूं द्यावी. आणि प्रत्येक ओळीपुढें पुस्तकाचें पान लिहावें. आंकडा असेल तर तो कोणाचा व कोणत्या सालचा, हेंहि त्याच ओळींत.